बँक पैसे देते, पण मागाहून

शिल्लक नसताना घर कसं उभं केलंत, असं आमच्या कारखान्यातल्या मुली मला जेवणाच्या सुट्टीत विचारतात. कर्ज मिळवायची एखादी युक्ती मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असते. खरं तर कर्ज मिळणं हा या सगळ्या प्रकरणातला सोपा भाग. माझी नोकरी कायम, पगार थेट खात्यात, हातात चौतीस हजार येतात. एवढ्यावर बँक वीस लाख द्यायला तयार झाली. खरी ओढाताण झाली ती दोन ठिकाणी. कर्जाच्या आधी, कारण जमिनीचे कागद करायला जो पैसा लागतो तो कुठलीच बँक देत नाही. आणि कर्ज मंजूर झाल्यावर, कारण बँक झालेल्या कामाचे पैसे देते, व्हायच्या कामाचे देत नाही. या दोन खिंडी कशा ओलांडायच्या, एवढाच खरा प्रश्न असतो.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मी औषध कंपनीत आहे, नवरा इलेक्ट्रिशियन. सासूबाई, थोरले दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही तिघं असे सगळे सासऱ्यांच्या जुन्या कौलारू घरात. भांडण नव्हतं, पण खोल्याही नव्हत्या. २०१९ मध्ये वेगळं घर बांधायचं ठरलं तेव्हा माझ्या खात्यात सत्तर हजारांच्या आसपास होते. शिवाय प्रॉव्हिडंट फंड, एलआयसीची एक पॉलिसी आणि लग्नातलं सोनं. नवऱ्याच्या खात्याबद्दल न बोललेलं बरं. बिलाचे पैसे येत, वायरच्या बंडलाला जात.

शिल्लक का नव्हती, याचं उत्तर आमच्या भागात कुणालाही विचारा. सासऱ्यांचा खाणीवर ट्रक होता. २०१० मध्ये कर्जानं घेतलेला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. घरात जे काही होतं ते त्यात गेलं. पुढे फायनान्स कंपनीशी तडजोड होऊन ते प्रकरण मिटलं, असं आम्ही समजत होतो. त्याचं पुढे येतेच.

जमीन होती, हे आमचं मोठं भांडवल. जुन्या घराच्या बाजूची, रस्त्याला लागून. रिजनल प्लॅन २०२१ मध्ये ती वस्तीच्या पट्ट्यात येत होती, म्हणजे बांधकामाला मनाई नव्हती. आमच्याच मागच्या आळीतल्या एकांची जागा त्याच प्लॅनमध्ये बागायतीत दाखवलेली आहे, त्यांना दहा लाख हातात असूनही विटेवर वीट ठेवता येत नाही. तेव्हा गोव्यात ज्यांना घर बांधायचंय त्यांनी पैशाचा विचार करायच्या आधी नगरनियोजन खात्यातून झोनिंग सर्टिफिकेट काढावं. फार खर्च येत नाही, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची. आमच्या शेजारचं कुटुंब तीन पिढ्या तिथे राहतं, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं त्यांना हुसकता येत नाही, आणि पंचायत भागात घराभोवतीची ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्कही आहे. पण तो हक्क बजावून मामलेदाराकडून खरेदीचा दाखला हातात येत नाही तोवर बँकेच्या लेखी त्यांच्याकडे काहीच नाही. घर आहे, घरपट्टी भरतात, वीजबिल त्यांच्या नावावर आहे. बँक म्हणते, जमीन कोणाची? पुढे शेजारच्या काकांनी आमचं बघून मामलेदाराकडे अर्ज घातला.

आमची जमीन स्वतःची, तरी कागदावर ती सासऱ्यांचीच होती. एक-चौदाच्या, म्हणजे जमीनमालकीच्या उताऱ्यावर त्यांचं नाव, आणि ते २०१६ मध्ये गेले. इथून गोव्याचा वारसा कायदा सुरू होतो, आणि महाराष्ट्रातल्या माझ्या मावशीला तो मी अजून समजावून सांगू शकलेले नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, वारशानं आलेलीसुद्धा. म्हणजे सासऱ्यांच्या जमिनीतली निम्मी मुळातच सासूबाईंची. उरलेली निम्मी तीन मुलांची, म्हणजे माझा नवरा, दीर आणि नणंद. आणि त्या प्रत्येक हिश्श्यात त्यांच्या जोडीदारांचा निम्मा वाटा.

वकिलांच्या ऑफिसात हे सगळं मांडलं जात होतं त्या दिवशी नणंदेला सोडायला तिचे यजमान फोंड्याहून आले होते. भावोजी बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले होते. वकिलांनी नावं लिहिता लिहिता विचारलं, "ताईंचे मिस्टर कुठे आहेत?"

"बाहेर बसलेत. त्यांचं काय काम?"

"बोलवा त्यांना."

भावोजी आत आले. वकील म्हणाले, "लग्न कुठे नोंदवलं?"

"फोंड्यालाच."

"करार करून?"

"कसला करार? साखरपुडा झाला होता आमचा."

वकील हसले. "मग तुमचीही सही लागणार. आधार कार्ड, पॅन कार्ड, जन्मदाखला, सगळं आणा."

भावोजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, म्हणजे मी तुमच्या सासऱ्यांचा वारस?" तसे ते नव्हते, पण त्यांच्या सहीशिवाय आमचं पान हलणार नव्हतं हे खरं. माणूस सज्जन, म्हणून निभावलं. आमच्या ओळखीत एका घरात परदेशी जहाजावर असलेल्या जावयाच्या सहीसाठी सगळं काम थांबलं होतं. शेवटी त्यानं कुलमुखत्यारपत्र पाठवलं.

आधी सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड, म्हणजे वारसांची नोंद, मग सगळ्यांनी मिळून वाटणीपत्र. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आणि थोरल्या दीरांनी जुनं घर आणि त्याखालची जागा ठेवली, आम्हाला रस्त्याकडची ३०० चौरस मीटर दिली, ताईंनी मागची माडांची पट्टी घेतली. ताईंनी पैसे मागितले असते तर आमचं घर कागदावरच संपलं असतं, हे इथे लिहून ठेवायला हवं. कायद्यानं तिचा वाटा आहे, आणि घरातल्या बायकांनीच "तिला लग्नात दिलंय की" असं म्हणायची पद्धत आपल्याकडे आहे. आईंनी तसं कुणाला म्हणू दिलं नाही.

वाटणीपत्रानंतर सर्व्हेची वेगळी हद्द, म्युटेशन म्हणजे नावाचा फेरफार, आमच्या नावाचा एक-चौदा, मग जमीन बिगरशेती करण्याची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. मधे कोविड आला, त्यामुळे सगळं लांबलं. वकील, सर्व्हेअर, इंजिनिअर, मुद्रांक, सनदेची आकारणी, परवान्याचं शुल्क, सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. एकदम द्यायचे असते तर जमलंच नसतं. तुकड्यातुकड्यानं लागले म्हणून जमले. माझा वर्षाचा बोनस, आमच्या भिशीचा लागलेला नंबर आणि खात्यातले ते सत्तर हजार, हे सगळं इथेच संपलं. जमिनीवर अजून कुदळही पडली नव्हती.

सरपंच म्हणाले, प्रधानमंत्री आवासमध्ये बघा. ग्रामीण योजनेत मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार मिळतात, तेही हप्त्यांनी, आणि यादीत नाव लागतं. पक्कं घर नसलेल्यांसाठी आहे ते. आमचं नाव यादीत नव्हतं आणि सासऱ्यांच्या घरात हिस्सा होता. तो विषय तिथेच सोडला.

आता ट्रकाचं. जमीन आता नवऱ्याच्या आणि माझ्या नावावर, म्हणून कर्जालाही दोघांची नावं लागतात, मग उत्पन्न एकट्या माझंच का धरेनात. त्यांचं उत्पन्न धरलंच नाही, कारण आयकर विवरणपत्र भरलेलं नव्हतं. पण सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याची नोंद, दोघांचं बघितलं. माझं चांगलं होतं. त्यांचं बघून बँकेतली बाई म्हणाली, "यांच्यावर एक खातं सेटल्ड दाखवतंय. वाहनकर्ज." आमच्याकडे स्कूटरशिवाय वाहन नव्हतं. मग उमगलं. २०१० मध्ये सासऱ्यांनी ट्रक घेतला तेव्हा हे चोवीस वर्षांचे, हमीदार म्हणून सही यांचीच होती.

तडजोड करून मिटवलेलं कर्ज आणि पूर्ण फेडलेलं कर्ज यांत बँका फार फरक करतात. तडजोडीत फायनान्स कंपनीनं अडतीस हजार सोडून दिले होते. ते भरून ‘नो ड्यूज’चं पत्र घेतलं आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घेतली. रिपोर्टमध्ये ती बदलायला दोनेक महिने गेले. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बँकेत जायच्या आधी नवरा-बायको दोघांचाही काढून बघावा. आपल्या लोकांत हमीदार म्हणून सही करणं हा शब्दाला जागायचा प्रकार असतो, पुढे ती सही कुठे उगवेल याचा पत्ता नसतो.

२०२२ च्या जानेवारीत कर्ज मंजूर झालं. घर ८५ चौरस मीटर, तळमजला, वर उद्या चढवायचं झालं तर पेलेल असा स्लॅब. इंजिनिअरचं एस्टिमेट चोवीस लाख. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत द्यायची रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, पण देणं बँकेच्या हातात, आणि माझ्या पगारावर वीस लाखांवर गाडी गेली नाही. दर ६.९ टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता १५,३८६. उरलेले चार लाख आमचे, आणि ते आधी घातलेले दिसले पाहिजेत. म्हणजे पाया आमच्या पैशानं भरायचा, मग बँकेचा माणूस येऊन बघणार, मग बँक पहिला हप्ता देणार.

मंजुरीच्या आधी सोनं गहाण टाकू नका, पगारावर कर्ज उचलू नका, मोबाइलवरच्या झटपट कर्जांच्या तर वाटेलाही जाऊ नका, असं मला आमच्या हिशेब विभागातल्या मॅडमनी बजावलं होतं. कुठलंही चालू कर्ज सिबिलवर दिसलं की त्याचा हप्ता तुमच्या पगारातून वजा करून घरकर्जाची रक्कम ठरते. आधी घरकर्जाचं मंजुरीपत्र, मग बाकीची उसनवारी, हा क्रम मी पाळला.

चार लाख असे उभे केले. प्रॉव्हिडंट फंडातून घर बांधायला पैसे काढता येतात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं सदस्यत्व हवं, आणि मूळ पगार व महागाईभत्ता धरून छत्तीस महिन्यांपर्यंतची रक्कम मिळते, पण खात्यातल्या शिल्लकेपेक्षा जास्त अर्थातच नाही. अट अशी की जमीन सदस्याच्या, त्याच्या जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवी. सासऱ्यांच्या नावावर असती तर पैसा मिळाला नसता. वाटणीपत्राचा खर्च इथे पहिल्यांदा फळाला आला. पेन्शनचा भाग सोडून खात्यात २ लाख ४० हजारांच्या घरात होते, ते जवळजवळ सगळे निघाले. एलआयसीच्या पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या हिशेबानं पंचेचाळीस हजार. बाकी सोनं.

सोन्याबद्दल घरात थोडं झालं. आई म्हणाल्या, "मंगळसूत्र सोडून काय ते ने." माझ्या पाटल्या, गोठ आणि हार बँकेत गेला. तेव्हा किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत होतं. बँकेत गहाण टाका, सावकाराकडे नको, आणि जमलं तर ओव्हरड्राफ्टसारखं खातं घ्या, जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज. माझं सोनं जवळपास वर्षभर बँकेत होतं, पण पैसे मात्र त्या वर्षात किती वेळा उचलले आणि परत भरले याला सुमार नाही. घर बांधलं बँकेच्या वीस लाखांनी, पण ते चालतं ठेवलं या लाख-दीड लाखानं.

हे का, ते सांगते. आमच्या बँकेनं पाच टप्पे ठरवले होते. पाया झाला की चार लाख, लिंटेल, म्हणजे दारं-खिडक्यांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, झालं की चार, स्लॅब पडला की पाच, गिलाव्याला चार आणि काम पूर्ण झाल्यावर तीन. पाया आपल्या पैशात झाला की मिळालेल्या चार लाखांत भिंती चढतात. भिंतींवर लिंटेल झालं की आणखी चार. प्रत्येक टप्प्याचा पैसा पुढच्या टप्प्याला. इथवर हिशेब बसतो. मग स्लॅब येतो. सळई, सिमेंट, खडी, सेंटरिंग, त्या दिवसाची मजुरी, सगळं मिळून आमच्या स्लॅबला साडेपाच लाख लागणार होते आणि हातात लिंटेलचे चार. दीड लाखाचं हे भगदाड प्रत्येकाच्या घरात पडतं, आणि ते नेमकं मे महिन्यात पडतं, कारण गोव्यात स्लॅब मृगाच्या आत घालायचा असतो.

कंत्राटदाराशी आम्ही फक्त मजुरीचा दर ठरवला होता, साहित्य आमचं. एकरकमी साहित्यासकट दिलं तर डोक्याला त्रास कमी, पण तो माणूस कामाच्या पुढे पैसे मागतो आणि बँक कामाच्या मागे देते. त्या दोघांच्या मधे आपण सापडतो. मजुरीचं शनिवारच्या शनिवारी भागवता येतं. साहित्यात उधारी चालते, निदान गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे, जो नवऱ्याला वीस वर्षं ओळखतो. वायर त्याच्याकडचीच घेऊ, एवढ्या बोलीवर त्यानं सिमेंट आणि सळई दोन महिने थांबून दिली. चिऱ्याला मात्र उधारी नाही. चिरेखाणीवरून ट्रक येतो, नगावर भाव, उतराई वेगळी, पैसे रोख, आणि मोडके निघाले तर तुमचे. रेतीचं तर विचारूच नका. उपशाचं प्रकरण कोर्टात, त्यामुळे नदीची रेती मिळाली तर सोन्याच्या भावानं. काँक्रिटला क्रशरची बारीक खडी वापरली आणि नदीची रेती फक्त आतल्या गिलाव्यापुरती आणली.

लिंटेलचा हप्ता मागितला तो एप्रिलच्या अखेरीला. बँकेचा व्हॅल्युअर आला, तरुण मुलगा, पायात स्पोर्ट शूज. त्यानं मला भिंतीपुढे उभं करून फोटो काढला, मोबाइलवर ठिकाण आणि वेळ उमटते तसा. मग टेप काढून खोल्या मोजल्या, मागे गेला आणि तिथून हाक मारली. स्वयंपाकघराच्या खिडकीवर लिंटेल अजून ओतलं नव्हतं; सळईचा पिंजरा बांधून तयार होता, फळ्या लावायच्या राहिल्या होत्या.

"मॅडम, हे राहिलंय."

"उद्या ओततायत. तीन फुटांचं तर आहे."

"तीन फुटांचं असो. लिंटेल म्हणजे सगळीकडून फिरलं पाहिजे. मी असंच लिहिलं तर तुम्हाला हप्त्यातले अडीचच देतील. त्यापेक्षा मी परवा येतो."

आणि खरंच तो आला, सकाळी कामावर जायच्या आधी. असा व्हॅल्युअर मिळणं नशीब. नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा भेटीचं शुल्क. तेव्हापासून कुणालाही टप्प्याचा अर्ज करायचा असला की मी सांगते, आधी घराला मागून एक चक्कर मारा.

चार लाख नुकतेच जमा झाले होते, तोच ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं अचानक रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ वरून ४.४० टक्के केला. माझं कर्ज रेपोला बांधलेलं, तो वाढला की माझं व्याजही वाढणार. बातमी कारखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीवर लागली होती आणि तिच्याकडे बघणारी बहुधा मी एकटीच. त्या वेळी व्याज फक्त उचललेल्या आठ लाखांवर होतं, महिन्याला साडेचार-पाच हजार, म्हणून लगेच काही दुखलं नाही. स्लॅबची घाई होती.

स्लॅब मेच्या शेवटच्या आठवड्यात पडला. दीड लाखातले नव्वद हजार सोन्यावर पुन्हा उचलले, बाकी हार्डवेअरवाल्याच्या वहीत. पहाटेपासून मिक्सर सुरू, दुपारी वळवाचे ढग जमले, इंजिनिअरनं प्लास्टिक अंथरायला लावलं, पाऊस साखळीकडे पडला आणि आमच्याकडे नुसता वारा आला. संध्याकाळी गवंड्यांना कोंबडी-भात. पुढे पाण्याचं बघावं लागलं नाही. जूनपासून निसर्गानंच क्युरिंग केलं.

पावसाळ्यात आतली कामं चालली. वायरिंगचा खर्च साहित्यापुरता, कारण हात घरचा. मात्र घरच्या माणसाला घरच्या कामाची घाई नसते हे कुठल्याही इलेक्ट्रिशियनच्या बायकोला विचारा. रविवार तेवढा आमचा, बाकीचे वार गिऱ्हाइकांचे.

दर वाढतच गेला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० झाला, आणि माझा दर ६.९ चा ९.४. शेवटचा टप्पा मिळून पूर्ण हप्ता सुरू झाला तेव्हा तो १८,५०० च्या वर गेला होता. मंजुरीपत्रातले १५,३८६ मी पाठ केले होते. घरी बसून हिशेब केला तेव्हा कळलं की वीस लाखांवर ९.४ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच १५,६६६ होतं. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजही भागलं नसतं, मुद्दल कणभर कमी झालं नसतं, उलट वाढत गेलं असतं. ज्यांची कर्जं आधीपासून चालू होती त्यांच्या बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत गुपचूप लांबवली. कारखान्यातल्या एकाचं कर्ज असं निवृत्तीच्या पलीकडे गेलेलं त्याला खूप उशिरा समजलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. तोवर विचारायची पद्धत नव्हती.

तीन हजारांचा फरक कुठून काढला? घरातून. कंपाउंड वॉल राहिली, बाहेरचा गिलावा दोन बाजूंना राहिला, फरशी साधी बसवली, स्वयंपाकघराच्या कपाटांना दारं नाहीत, पडदे आहेत. जाऊबाईंच्या बहिणीनं बघून विचारलं, "काम अजून चालू आहे का?" चालूच आहे.

एक जागा अशी की जिथे मी ठाम राहिले. मंजुरीच्या वेळी बँकेनं एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा पुढे केला, नव्वद हजारांच्या आसपासचा, तोही कर्जातच घालून देतो म्हणाले. घराचा विमा बँक मागते, तो काढला. जीवनविमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते. मी बाहेरून साधा टर्म प्लॅन घेतला, वर्षाला थोडके पैसे, आणि त्याची प्रत फायलीला लावायला दिली. थोडं तोंड वाकडं झालं, पण कर्ज अडलं नाही.

शेवटच्या तीन लाखांसाठी काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. सेप्टिक टँक, न्हाणीघर, बाहेरच्या पायऱ्या एवढं करून घेतलं, मग नगरनियोजनचा कम्प्लिशन, आरोग्य केंद्राची पाहणी आणि पंचायतीचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. त्यानंतर घर क्रमांक, घरपट्टी आणि कायम वीजजोडणी. तोवर बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीचा चढा दर भरत होतो. बरेच लोक राहायला जातात आणि ऑक्युपन्सी मागे ठेवतात. ज्यांचा शेवटचा टप्पा बँकेत अडकलाय त्यांना ती चैन परवडत नाही. त्या तीन लाखांतून आधी हार्डवेअरवाल्याची वही फाडली, मग सोनं सोडवलं.

२०२३ च्या चवथीला आम्ही नव्या घरात होतो. गणपती मात्र जुन्या घरीच येतो, तो सगळ्यांचा.

करसवलतीचं थोडक्यात. जुन्या करप्रणालीत राहायच्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि बांधकाम चालू असताना भरलेलं व्याज घर झाल्यावर पाच समान भागांत मागता येतं. त्यासाठी व्याजाचे दाखले वर्षवार जपून ठेवावे लागतात. नवी प्रणाली निवडलीत तर यातलं काही नाही. माझ्या पगाराला फार फरक पडत नव्हता, पण दाखले काढून ठेवलेत.

२०२५ मध्ये रेपो उतरायला लागला. बँकेचा मेसेज आला, मी शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, हप्ता कमी करू? मी म्हटलं, हप्ता आहे तोच राहू दे, मुदत कमी कर. त्यानं अर्ज पुढे केला. रेपोला बांधलेल्या घरकर्जात मधेच जास्तीचे पैसे भरले तर दंड नसतो, तेव्हा त्याच फेरीत बोनसमधले वीस हजारही मुद्दलात भरले. पावती फायलीत लावली. कंपाउंड वॉल या वर्षीही नाही.